अध्यक्ष बदलतो, काम राहते का?

गावात रोटरी किंवा लायन्स क्लब आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. शाळेच्या पाणपोईवर दात्यांची नावे कोरलेली असतात, बसथांब्यावर चक्राची मुद्रा असते आणि जुलैत पदग्रहण समारंभाचा फोटो स्थानिक वर्तमानपत्रात छापून येतो. फोटोत हार, शाल, श्रीफळ आणि गळ्यात पदाची साखळी. वर्षभर ही मंडळी नेमके काय करतात, पैसा कुठून आणतात आणि त्यातले टिकते किती, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

रोटरीची सुरुवात 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत झाली. पॉल हॅरिस हा वकील लहान गावातून आलेला. महानगरात धंद्याच्या ओळखी पुष्कळ झाल्या, पण रविवारी ज्याच्याकडे हक्काने जावे असे कोणी मिळेना. त्याने तिघांना गोळा केले : एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिवणकामाचा व्यावसायिक. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत होऊ लागली, त्यावरूनच संस्थेला नाव पडले. एका व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा, असाही दंडक होता. सुरुवातीचा हेतू साधा होता. मैत्री करावी, एकमेकांना गिऱ्हाईक द्यावे. समाजसेवा पुढे आली.

आली तीही मोठ्या गाजावाजाने नव्हे. शिकागोच्या या मंडळींनी हाती घेतलेले पहिले सार्वजनिक काम म्हणजे शहराच्या मध्यभागी स्वच्छतागृह. त्याला विरोध करणारेही तगडे होते. बिअर बनवणाऱ्यांची संघटना म्हणे, पुरुषांसाठी आमचे हजारो गुत्ते उघडे आहेत. मोठ्या दुकानांचे मालक म्हणत, बायकांसाठी आमच्या दुकानांत सोय आहे. हॅरिसचा मुद्दा बिनतोड होता : त्या सोयीसाठी पुरुषाला बिअर घ्यावी लागते आणि बाईला काहीतरी खरेदी करावी लागते. मुंबईत शंभर वर्षांनी महिला संघटनांना ‘राइट टू पी’ची मोहीम चालवावी लागली, हे लक्षात घेतले तर तो प्रश्न किती खरा होता ते समजते.

भारतात रोटरी 1920 च्या सुमारास कोलकात्यात आली आणि 1929 मध्ये मुंबईत. लायन्सचा जन्मही शिकागोकरांच्याच हातचा, 1917 चा. 1925 मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी झटण्याचे आवाहन केले आणि नेत्रसेवा हे त्या संस्थेचे मुख्य काम होऊन बसले. आपल्याकडच्या लायन्सच्या मोतीबिंदू शिबिरांचे मूळ तिथवर जाते.

आता बैठकीत डोकावू. ठरलेला वार, ठरलेली वेळ. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होते, सचिव सूचना वाचतात. त्या आठवड्यातले वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस होतात. कोणाच्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला, कोणी नवी गाडी घेतली, की त्याच्याकडून हसतहसत शंभर-पाचशेचा ‘फाइन’ वसूल होतो आणि सेवानिधीत जमा होतो. मग पाहुण्यांचे भाषण, आभार, जेवण. बाहेरच्याला हा सगळा हौसेचा मामला वाटेल. पण दर आठवड्याला भूलतज्ज्ञ, कंत्राटदार, मुख्याध्यापक आणि कापडाचा व्यापारी एका टेबलाशी बसतात, म्हणूनच शाळेचे छप्पर उडाल्याचे कळले की पत्रा, मजूर आणि पैसा जेवण संपायच्या आत ठरतो. नियमित बैठक हेच या क्लबांचे खरे भांडवल आहे.

पैशाची गोष्ट सोपी नाही. लोकांना वाटते, श्रीमंतांचा क्लब, त्यांना काय कमी! प्रत्यक्षात वर्गणीचा बराचसा भाग वरच्या संस्थेची देणी आणि जेवणखर्चात जातो. सेवेसाठी वेगळा निधी उभा करावा लागतो. त्यासाठी नाटकाचा प्रयोग घेऊन तिकिटे खपवायची, दिवाळी पहाट भरवायची, स्मरणिका काढायची. स्मरणिकेच्या जाहिरातींसाठी सराफापासून किराणा दुकानापर्यंत फिरावे लागते आणि ‘शुभेच्छुक’ एवढाच मजकूर असलेल्या पावपानी जाहिरातीसाठीही तीन खेपा होतात. रोटरी फाउंडेशनची पहिली देणगी तरी केवढी? 1918 मध्ये कॅन्सस सिटीच्या क्लबने पाठवलेले साडेसव्वीस डॉलर. पोलिओविरुद्धच्या लढ्यात याच संस्थेने आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घातली आहे.

स्थानिक कामांत सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी फोटो निघणारे काम म्हणजे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र. एखाद्या सभासदाच्या दुकानामागची खोली असते. तिथे वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, एअर बेड, वरखाली करता येणारी कॉट, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. खुब्याचे हाड मोडून आजी घरी यायची असते तेव्हा रात्री नऊला फोन येतो. अनामत घेऊन वस्तू दिली जाते, वहीत नोंद होते, वस्तू परत आली की अनामत परत. कधी माणूस जातो आणि कॉट परत करायला आलेला मुलगा अनामत केंद्रालाच देऊन जातो. हे चालवायला भाषण लागत नाही. फोन उचलणारा माणूस लागतो आणि परत आलेला एअर बेड पुसून, हवा भरून, गळतो का ते बघणारा लागतो.

रक्तदानाचेही तसेच. एखाद्या नेत्याच्या वाढदिवशी हजार पिशव्यांचा संकल्प होतो, पण रक्त फार दिवस ठेवता येत नाही. साठवणीच्या द्रावणानुसार तांबड्या पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच. एकदा दिलेल्या पुरुषाला पुन्हा देण्यापूर्वी तीन महिने थांबावे लागते, बाईला चार. म्हणून एका दिवसाच्या विक्रमापेक्षा रक्तपेढीला विचारून वर्षभर पसरलेली छोटी शिबिरे कितीतरी उपयोगी. मे महिन्यात कॉलेजे बंद असतात, माणसे गावी गेलेली असतात आणि टंचाई नेमकी तेव्हाच असते.

मात्र या क्लबांच्या रचनेतच एक कच्चा दुवा आहे. अध्यक्षपद एका वर्षाचे, 1 जुलै ते 30 जून. नवा अध्यक्ष नवा संकल्प घेऊन येतो. गेल्या वर्षी लावलेल्या रोपांना पाणी कोणी घालायचे, शाळेला दिलेल्या जलशुद्धीकरण यंत्राची मेंब्रेन कोणी बदलायची, हा प्रश्न माजी अध्यक्षांबरोबर मागे पडतो. वह्यावाटपाचे फलक दरवर्षी नवे निघतात, बंद पडलेले यंत्र तिथेच असते. ही उधळपट्टी आहे आणि ती देणगीदारांच्या पैशांची आहे.

उलट उदाहरणही त्याच संस्थेचे आहे. 1979 मध्ये फिलिपाइन्सपासून सुरू झालेले पोलिओ लसीकरण 1985 मध्ये रोटरीने जगभराचे काम म्हणून स्वीकारले. बारा कोटी डॉलर जमवायचे ठरले होते, 1988 पर्यंत जमले चोवीस कोटी सत्तर लाख. तेव्हा जगात दरवर्षी साडेतीन लाख मुले या रोगाने पंगू होत होती. त्यानंतर कितीतरी अध्यक्ष आले आणि गेले, काम थांबले नाही. थंड डबा खांद्याला लावून उन्हात घरोघर फिरायचे, कुपीवरचा चौकोन उष्णतेने काळवंडला नाही ना ते पाहायचे, दोन थेंब पाजून डाव्या करंगळीला शाई लावायची. आशाताई, अंगणवाडी सेविका, सरकारी कर्मचारी आणि क्लबांचे स्वयंसेवक यांनी हे वर्षानुवर्षे केले. उत्तर प्रदेशात लसीविषयी संशय पसरला तेव्हा रोटरीने उलेमांना सोबत घेतले. 2009 मध्ये भारतात 741 रुग्ण होते, 2010 मध्ये 42, 2011 मध्ये एक. तो शेवटचा रुग्ण 13 जानेवारीला हावड्यात सापडला. 27 मार्च 2014 रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त जाहीर झाला.

या संस्थेने एक अन्यायही दीर्घकाळ जपला. कॅलिफोर्नियातील डुआर्टे क्लबने 1977 मध्ये तीन महिलांना सभासद केले, तर त्या क्लबची मान्यताच काढून घेतली गेली. 1987 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि 1989 मध्ये दार सगळीकडे उघडले. जागतिक अध्यक्षपदी पहिली महिला यायला मात्र 2022 उजाडले. आज आपल्याकडे साहित्य केंद्राचा फोन उचलणाऱ्यांत आणि शिबिराचे तक्ते सांभाळणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत.

येत्या 1 जुलैला ज्यांच्या गळ्यात साखळी पडणार आहे त्यांनी पहिल्या बैठकीत नवा उपक्रम जाहीर करण्याआधी गेल्या पाच वर्षांतल्या कामांची यादी वाचावी, काय चालू आहे, काय बंद पडले ते जागेवर जाऊन पाहावे आणि दुरुस्तीला पहिला पैसा ठेवावा. आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांचा वॉकर धूळ खात पडला आहे, त्यांनी तो या आठवड्यात जवळच्या साहित्य केंद्रात नेऊन द्यावा.