पुन्हा सायकलवर



तीस वर्षांनी मी सायकलवर बसलो, आणि तेही भल्या पहाटे, कोणी पाहू नये म्हणून! पन्नाशी उलटलेल्या माणसाला पडण्याचे भय असतेच, पण लोकांच्या हसण्याचे अधिक. यवतमाळच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच एका शेतकऱ्याने बंडी थांबवून विचारले, ‘काय मास्तर, गाडी बिघडली काय?’ मोटारसायकल बिघडल्याशिवाय शहाण्या माणसाने सायकल काढू नये, असा आता संकेतच झाला आहे.

तोल मात्र शरीर विसरले नव्हते. आपण ज्या बाजूला कलतो त्याच बाजूला हात हँडल किंचित वळवतात, म्हणून सायकल सावरते. ही विद्या पाठांतराची नव्हे. ती लहान मेंदू सांभाळून ठेवतो. विसरतात ते गुडघे आणि छाती. पहिल्या दिवशी मैलभरातच मला धाप लागली. गुडघ्यांचे दुखणे मी वयाच्या माथी मारले. वास्तविक दोष सीटचा होता. पायडल तळाला गेल्यावर गुडघा जरासाच वाकावा, इतकी ती उंच हवी. टॉलस्टॉय तर १८९५ साली, पासष्टी ओलांडल्यावर, सायकल नव्याने शिकले. मला नुसती आठवायची होती.

आठ दिवसांनी बाभळीचा काटा रुतला. सायकल ढकलीत येताना तीच बंडी भेटली. आता हा हसणार, म्हणून मी मान खाली घातली. तो म्हणाला, ‘मास्तर, माझीही एक पडली आहे कोठ्यात.’

तिचे दोन्ही टायर कुजले होते. गेल्या रविवारी आम्ही ते बदलून आणले.