घेवड्याचे कढण

दक्षिण दिल्लीतील आर. के. पुरम, म्हणजेच रामकृष्णपुरम, ही केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी स्वातंत्र्यानंतर वसविलेली वसाहत. देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे तेथे शेजारी-शेजारी नांदतात. सायंकाळी एखाद्या जिन्यात उभे राहिले, तर एका मजल्यावरून सांबाराचा, दुसऱ्यावरून मोहरीच्या तेलाचा आणि तिसऱ्यावरून गोड्या मसाल्याचा वास येतो. या वसाहतीला लागूनच वसंत विहार आहे. २०२४ साली जमैकाचे पंतप्रधान अँड्र्यू होलनेस भारतभेटीस आले, तेव्हा तेथील एका रस्त्याला ‘जमैका मार्ग’ हे नाव मिळाले. ते वेस्ट इंडीज बेट मराठी माणसाला क्रिकेटमुळे ठाऊक असते. पण त्याच्या चुलीवर शिजणारे घेवड्याचे कढण ठाऊक असलेले थोडेच. हे कढण मराठी स्वयंपाकाला वाटते तितके परके नाही.

जमैकात तांबड्या घेवड्याला ‘लाल वाटाणे’ म्हणतात. तो भिजवून, खारवलेल्या मांसाबरोबर मोठ्या भांड्यात उकळायचा. मग त्यात कोनफळासारखे कंद, नारळाचे दूध, कांद्याची पात आणि ओव्यासारख्या वासाची थाइमची काडी घालायची, आणि अखेरीस पिठाचे लांबट गोळे सोडायचे, अशी ही कृती आहे. शनिवारी घरोघर असे दाट कढण करण्याची तेथे जुनी चाल आहे.

या भांड्यातील जिन्नस कोठून कोठून आले, हे पाहिले म्हणजे त्या बेटाचा इतिहासच समोर उभा राहतो. घेवडा मूळचा अमेरिका खंडाचा. कोनफळाच्या जातीचे कंद आफ्रिकेतून आले, थाइम युरोपातून आले आणि नारळ दूरच्या समुद्रकिनाऱ्यांवरून आला. खारवलेले मांस आयर्लंडसारख्या देशांतून पिंपांत भरून जहाजांनी येई, कारण उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांना ताजे मांस देण्याची मळेवाल्यांची इच्छा नव्हती. एवढ्याशा खाऱ्या तुकड्यावर अनेक तोंडे भरवायची, तर घेवडा, कंद आणि पीठ यांचा आधार घ्यावाच लागे. १८३४ साली गुलामगिरीविरुद्धचा कायदा अमलात आला आणि १८३८ साली पूर्ण मुक्ती मिळाली. मळ्यांना मजूर हवेच होते. म्हणून १८४५ च्या मे महिन्यात हिंदुस्थानातील करारबद्ध मजुरांचे पहिले जहाज जमैकाच्या किनाऱ्याला लागले. त्यांतील बहुतेक उत्तर हिंदुस्थानातील होते. आज जमैकात रोटी आणि मसालेदार रश्शाचे मटण आवडीने खाल्ले जाते, ती त्यांचीच देणगी.

हाच अमेरिकेचा घेवडा दुसऱ्या वाटेने भारतात आला. हिमालयाच्या उतारांवर तो राजमा म्हणून रुजला, आणि दिल्लीच्या घरांत राजमा-चावल हे नित्याचे अन्न झाले. महाराष्ट्रातही त्याचे एक घर आहे. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला ‘वाघ्या घेवडा’ पिकतो. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आर. के. पुरममधील मराठी गृहिणीने गावाहून वाघ्या घेवड्याची पिशवी आणली असेल, तर जमैकाच्या कढणाचा मुख्य जिन्नस तिच्या फडताळात आधीच आहे. उरलेल्या जिनसांसाठी जवळचा आय. एन. ए. बाजार पुरेसा होतो.

पाव किलो घेवडा रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावा आणि सकाळी ते पाणी टाकून द्यावे. यात आळस नको. कच्च्या तांबड्या घेवड्यात एक विषारी प्रथिन असते, आणि मूठभरही नव्हे, चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. खळखळ उकळीने ते नष्ट होते. मंद आचेवर, पाणी न उकळता, दाणे नुसते ऊन होत राहिले, तर अपाय उलट वाढतो. म्हणून आरंभी निदान दहा मिनिटे, आणि शक्य तर अर्धा तास, सणसणीत उकळी हवी. कुकरच्या उष्णतेत हे काम निर्धोक होते. जड पाण्यात घेवडा लवकर मऊ होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

घेवडा अर्धा शिजला, की अर्धा किलो मटण, लसूण आणि थाइम घालून दोन्ही मऊ होईपर्यंत शिजवावे. मग कोनफळाच्या व अळकुडीच्या फोडी, कांद्याची पात आणि एका नारळाचे दूध घालावे. जमैकाची स्कॉच बॉनेट मिरची अतिशय जहाल असते. ती अख्खीच कढणात सोडतात, आणि ती फुटू नये म्हणून ढवळताना जपतात. तिचा वास उतरावा, तिखटपणा आवरलेला राहावा, हा हेतू. तिच्याऐवजी आपली मिरची घेतली, तरी तीही अख्खीच ठेवावी.

आता गोळे. वाटीभर मैद्यात मीठ घालून तो घट्ट भिजवावा. लहान तुकडा दोन तळहातांमध्ये वळून बोटाएवढी वळी करावी. या फिरवण्यावरूनच जमैकात त्यांचे नाव पडले आहे. कढण उकळत असतानाच त्या सोडाव्या. पाणी निवांत असेल तर पीठ विरघळते. पंधरा-वीस मिनिटांत त्या शिजतात, आणि त्यांच्या पिठाने कढण आणखी दाट होते.

विदर्भातील वा मराठवाड्यातील कोणत्याही आजीला हे ऐकून वरणफळे आठवतील. तिकडे कणकेत हळद, तिखट, ओवा घालतात, पोळी लाटून शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापतात आणि उकळत्या पातळ वरणात सोडतात. कोठे त्यांना चकोल्या म्हणतात. एकीकडे मांस आहे, दुसरीकडे तूर. पण डाळ आणि पीठ एकाच भांड्यात शिजवून, वेगळ्या पोळीचे कष्ट व सरपण वाचवून, घरातील सर्वांना पोटभर घालण्याची युक्ती एकच.

ही तुलना फार ताणू नये. सरकारी नोकर बदलीच्या हुकमावर दिल्लीला येतो, पगार घेतो आणि सुटीत गावी जातो. बेड्या घालून समुद्रापार नेलेल्या माणसाला परतीची वाट नव्हती. त्याची भाषा तोडली गेली, त्याचे नाव बदलले गेले. अशा माणसांनी परक्यांचे जिन्नस आणि मालकाने दिलेला खारा तुकडा घेऊन जे अन्न सिद्ध केले, ते पुढे एका राष्ट्राचे आवडते अन्न झाले, यात त्यांच्या जिद्दीचे मोल दिसते. आर. के. पुरमच्या स्वयंपाकघरात हे कढण करताना एवढे स्मरण असावे. वाढण्यापूर्वी अख्खी मिरची काढून टाकावी, आणि कढण गरम असतानाच सर्वांनी एकत्र बसून खावे.