दोघांनीच जायचं म्हटलं तेव्हा

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं अंदमानला जाऊन आलो. तेव्हापासून गटाच्या प्रत्येक बैठकीत मला तेच तीन प्रश्न येतात. पैसे कुठून आणले, म्हशी कुणी बघितल्या आणि सासूबाई काय म्हणाल्या. आज रेडिओवरून सगळ्यांना एकदमच सांगते.

पैशाचं आधी. गटातून कर्ज काढलं नाही. फिरायला कर्ज काढू नये असं माझं पक्कं मत आहे. गटाचं कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, दवाखान्याला. मी बँकेत माझ्या नावावर आरडी उघडली होती, महिना १,५०० रुपयांची, ३ वर्षांची. त्याचे ५४,००० आणि वर थोडं व्याज. बकरी ईदच्या आधी दोन बोकड विकले, त्याचे २८,००० आले. पुण्याहून चेन्नईमार्गे विमान, तिथलं राहणं, खाणं, बोटी धरून ८० हजारांच्या आसपास गेले. त्यातले जवळजवळ निम्मे विमानाचेच. चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून जहाजही जातं, पण त्यात तीन-चार दिवस समुद्रावरच जातात. चेन्नईहून विमान दोन-सव्वादोन तासांत पोचवतं.

म्हशींचा पैरा केला. धाकट्या जाऊबाईंनी आमच्या दोन म्हशी काढल्या, आणि त्या दिवाळीनंतर माहेरी जातील तेव्हा त्यांच्या मी काढणार. उपकाराचा प्रश्नच नाही.

सासूबाईंनी मात्र पैशाचं विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "दोघंच? पोरं नाहीत संगं?" बघा, देवाला निघालं तर कुणी काही विचारत नाही. लग्नाला, मयताला निघालं तरी नाही. पण नवरा-बायकोनं नुसतं एकमेकांसंगं चार दिवस काढायचे म्हटलं, की आपल्यालाच चोरी केल्यासारखं वाटतं. मी सांगितलं, होय, दोघंच. त्यांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी दशम्या करून दिल्या.

आता एजंटचं ऐका. लग्नाचा वाढदिवस म्हटल्याबरोबर त्यानं 'हनिमून पॅकेज' काढलं. पलंगावर फुलं, केक, मेणबत्त्या आणि त्याचे वेगळे पैसे. आम्ही ते काढून टाकायला लावलं. पॅकेजमध्ये बोटीची तिकिटं धरली आहेत का, जेवण किती वेळचं, गाडी कुठून कुठपर्यंत, हे सगळं कागदावर लिहून घ्या. तोंडी 'सगळं आहे ताई' चालत नाही.

विमान उतरतं ते शहर म्हणजे पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम आहे. पहिल्या दिवशी आम्ही सेल्युलर जेल पाहिला. १९०६ साली तो पुरा बांधून झाला. मूळच्या ७ इमारती होत्या, आता ३ उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांची दारं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैद्याचं तोंड दिसू नये. तो तेलाचा कोलू बघितला. बैलासारखं माणसाला जुंपून रोज ३० पौंड खोबरेल काढून घ्यायचे. सावरकरांची नावं आपल्याला पाठ आहेत. मला तिथं आठवल्या त्या येसूवहिनी, थोरल्या बाबारावांच्या पत्नी. बाबारावांना १९०९ साली जन्मठेप झाली आणि ते अंदमानला गेले. वहिनी वाट बघत १९१९ साली गेल्या. दोघांची पुन्हा भेट झालीच नाही. आम्ही दोघं त्याच आवारात पिंपळाखाली बाटलीतलं पाणी पीत बसलो होतो. हे काही बोलले नाहीत, मीही नाही.

तिथून बोटीनं स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. राधानगरचा किनारा तिथलाच. पांढरी मऊ वाळू आणि मागं उंच झाडांचं रान. ह्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तासभर पाण्यात नुसते उभे राहिले. आम्ही माणदेशातली माणसं. आमच्याकडं वर्षाला जेमतेम ४५०-५०० मिलिमीटर पाऊस, तिथं ३,००० च्या आसपास. तरी उन्हाळ्यात तिथंही पिण्याच्या पाण्याची ओढ असते, कारण पडलेलं पाणी समुद्राला जातं. हे ऐकून ह्यांना इतकं बरं वाटलं की विचारू नका.

शेवटचे दोन दिवस शहीद द्वीपवर काढले. ते जुनं नील बेट, छोटंसं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं तिथं वसवली. त्यांची भाजीची शेती आहे, तिथली भाजी शहरात जाते. सुपारी, नारळ, केळी, दारात वांगी. घड्याळ आपलंच, पण बेट पूर्वेला फार लांब, त्यामुळं हिवाळ्यात संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधार पडतो. धार काढायची नाही, स्वयंपाक नाही, टीव्ही नाही. करायचं काय? मग बोलणं निघालं.

२०१२-१३ च्या दुष्काळात ह्यांनी खिलार जोडी विकली होती. बाजारातून रात्री उशिरा आले होते, एवढंच मला ठाऊक. त्या दिवशी हे एसटी स्टँडवर अंधार पडेपर्यंत बसून होते, घरी यायला पाय उचलत नव्हता, हे मला त्या बेटावर कळलं. इतक्या वर्षांनी! घरात सांगायला जागा नव्हती असं नाही. पण घरात कायम कुणीतरी ऐकणारं असतं, आणि पुरुषमाणूस तेवढ्यानंच गप्प होतो.

मग मीही माझं काढलं. धाकटी १९ वर्षांची आहे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिच्या मामांनी स्थळ आणलेलं आणि ह्यांनी 'बघू' म्हणून अर्धा होकार दिलेला. घरी हा विषय काढला की सासूबाई, दीर, मामा सगळे बोलायचे, आईबाप सोडून. तिथं आम्ही दोघंच होतो. हे चिडले, उठून किनाऱ्यावर चक्कर मारून आले, पुन्हा बसले. पैसे किती लागतील, हॉस्टेलचं काय, मामाला काय सांगायचं, सगळं बोलून झालं. कोर्स संपेपर्यंत लग्नाचा विषय नाही, असं ठरलं. आल्यावर मामांना फोन ह्यांनीच केला.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं. ऑक्टोबर ते मे हा जायचा काळ. आधारकार्ड जवळ ठेवा. मोबाईलला रेंज कमी, एटीएम मोजकीच, म्हणून रोख ठेवा आणि फोन लागला नाही तर घाबरू नका असं घरी सांगून निघा. बोट लागते, आल्याचा तुकडा तोंडात धरा. पाळी पुढं ढकलायची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. काही ठिकाणी खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, पाटी लावलेली असेल तिथं पाण्यात उतरायचं नाही. पोवळं उचलून आणायचं नाही, तो गुन्हा आहे. रस्त्यात जारवा लोक दिसले तर फोटोही काढायचा नाही. तेही कायद्यानं बंद आहे, आणि आपल्या दारात येऊन कुणी आपला फोटो काढलेला आपल्याला चालेल का?

गटातल्या दोघींनी आरडी उघडली आहे. एकीला एवढा खर्च नको, तिला मालवणला जायचंय, सिंधुदुर्ग किल्लाही बेटावरच आहे. आणखी कुणाला उघडायची असेल तर पुढच्या बैठकीला आधार, पॅनकार्ड आणि दोन फोटो घेऊन या. फॉर्म मी भरून देईन.