अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ

घरातलं वडीलधारं माणूस अंथरुणाला खिळलं, की कातडी आधी सांभाळा. दर 2 तासांनी कूस बदलून द्या. ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचलून सरकवा. अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा निरखून बघा. बोटानं दाबूनही लाली जात नसेल, तर ती जखमेची सुरुवात समजा. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून जागा गरम किंवा कडक लागते का, तेही चाचपा. तिथं तेल चोळावंसं वाटतं, आपल्याकडे तर फारच. पण कृपा करून चोळू नका, आतली नाजूक कातडी दुखावते. त्या जागेवर भार देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. पोटऱ्यांखाली उशी ठेवा, म्हणजे टाचा गादीला टेकणार नाहीत.