हिमशिखरावरील रक्तस्राव आणि आपले कर्तव्य



4 जुलै 1999. कारगिल युद्धात टायगर हिलवर, सुमारे 5000 मीटर उंचीवर, 18 ग्रेनेडिअर्सचे एकोणीस वर्षांचे योगेंद्रसिंह यादव अनेक गोळ्या लागूनही लढत राहिले, वाचले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले. त्यांच्या शौर्याची कथा आपण मुलांना सांगतो. परंतु अशा उंचीवर रक्तबंबाळ झालेल्या जवानाला वाचवायचे कसे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शिरूर-दौंडच्या ज्या घरांतील मुले सैन्यात आहेत, त्या घरांच्या दृष्टीने हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

दौंड समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंच. टायगर हिल त्याच्या दहापट. तेथे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातील दीड-दोन लिटर वाहून गेले की नाडी जलद व क्षीण होते, त्वचा गार पडते, रक्तदाब कोसळतो, भान हरपू लागते. हाच ‘शॉक’. शिखरावर हे संकट दुहेरी होते. प्राणवायू आधीच तुटपुंजा, आणि तो वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशीही गेलेल्या. शिवाय शरीराचे तापमान 35 अंशांखाली उतरले की रक्त साकळण्याची क्रिया मंदावते. भोवती सारे गोठलेले असते, रक्त मात्र वाहतच राहते!

म्हणून पहिला उपचार बाटलीतील सलाइन नव्हे, तर रक्तस्राव थांबविणे. जखमेवर घट्ट दाब, हातापायाच्या जखमेसाठी आवळबंध आणि तो बांधल्याची वेळ लिहून ठेवणे. मग ऊब, प्राणवायू आणि शक्य तितक्या लवकर खाली नेणे. अतिरिक्त सलाइनने उरलेले रक्त पातळ होते, साकळण्याची शक्ती घटते. खरी गरज असते ती रक्ताचीच. चाळीस देशांतील वीस हजारांहून अधिक जखमींच्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले, की ट्रानेक्झामिक आम्ल पहिल्या तीन तासांत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात. त्यानंतर दिल्यास अपाय संभवतो.

आपल्या देशानेही पावले टाकली आहेत. संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेने उणे 18 अंशांपर्यंत न गोठणारे ग्लिसरीनयुक्त सलाइन विकसित केल्याचे 2019 मध्ये जाहीर झाले. ऑगस्ट 2024 मध्ये वायुदल व भूदलाने सुमारे 15,000 फूट उंचीवर छत्रीच्या साहाय्याने फिरते रुग्णालयच उतरविले. आणि 1948 साली स्थापन झालेले पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय तर सैन्यासाठी डॉक्टर घडवीत आहे.

मग आपण काय करावे? आपण दिलेले रक्त कदाचित हिमशिखरावर पोहोचणार नाही. परंतु दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर आणि शिरूरमधून पुणे-नगर महामार्ग जातो. तेथे अपघातात पडलेल्या माणसाचे शरीरही त्याच नियमांनी चालते. निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी व स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्तदान करता येते. प्रत्येक घरातील एकाने तरी जखमेवर दाब देण्याचे शिक्षण घ्यावे. सीमेवरचा जवान जखमी साथीदाराला टाकून येत नाही. रस्त्यावर जखमी दिसल्यावर आपणही पुढे निघून जाता कामा नये.