मजुरीचा आकडा आणि घरचा हिशेब

भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला दोन मजूर भेटले, की पहिला प्रश्न ठरलेला : "रोज किती पडतो?" विलायतेतही हेच विचारतात. २०२४ साली किमान मजुरी ब्रिटनमध्ये तासाला ११.४४ पौंड होती, जर्मनीत १२.४१ युरो. वरवर पाहता जर्मन मजूर वरचढ. पण पौंड युरोपेक्षा महाग. नाण्यांचा मेळ घातला, तर ब्रिटनचाच आकडा मोठा ठरतो.

तरीही निकाल देऊ नका. जर्मनीत आजारपणाच्या विम्याचा हप्ता पगारातून कापतात. ब्रिटनमध्ये १९४८ पासून दवाखान्याचा खर्च मुख्यतः करांतून भागतो. शिवाय घरभाडं, धान्य, कामाचे दिवस हे सारं मांडल्यावरच राहणीमान कळतं.

आता आपल्याकडे पाहा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी रोजची २९७ रुपये होती. केंद्राच्या कायद्याची हमी तेव्हा घरटी १०० दिवसांची होती. सारे दिवस भरले तर २९,७०० रुपये. त्यात वर्ष निघेल का? म्हणून पोरगं पुण्याची वाट धरतं. त्याला अडवू नका, एवढंच विचारा, "बाबा, खोलीभाडं, खाणं, गाडीभाडं जाऊन हाती काय उरेल?"

गुरुजी, हेच गणित उद्या फळ्यावर मांडा.