सुरुवातीला हात आखडता

मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी बोलतेय. आज कर्ज, हप्ता, वही यातलं काही नाही. आज सायकल.

गेल्या वर्षी आपल्या गटातल्या एका ताईंची मुलगी शर्यतीत उतरली होती. दहावीतली पोर, रोज सायकलनं शाळेला जाणारी. शर्यत सोळा किलोमीटरची, आठ जायचे, आठ यायचे. अशा शर्यतीला टाइम ट्रायल म्हणतात. यात सगळ्या एकदम सुटत नाहीत. एकेकीला एकेका मिनिटानं सोडतात, आणि जिला सगळ्यात कमी वेळ लागेल ती पहिली. दुसरीच्या सायकलीमागे वाऱ्याच्या आडोशाला राहायची मुभा नसते. आपली आपणच.

पोर सुटली ती सुसाट. तीन किलोमीटरच्या आत पुढच्या मुलीला गाठलं. मी रस्त्याकडेला टाळ्या पिटत होते. येताना बाराव्या किलोमीटरला बघते तर सायकल रेंगाळतेय, पोरीचे ओठ पांढरे. वडील म्हणाले, "हौस फिटली, आता पुरे." यंदा ताईंनी कशीबशी एकदाच्या बोलीवर परवानगी मिळवलीय. मला माझ्या त्या टाळ्यांची लाज वाटते, कारण तेव्हाच ओरडायला हवं होतं, "अगं, हळू!"

हायस्कूलच्या खेळाच्या सरांनी मग आम्हाला समजावलं. सपाट रस्त्यावर जोरात जाणाऱ्या सायकलीला सगळ्यात जास्त अडवते ती हवा. वेग दुप्पट केला की हवेचा अडसर चौपट होतो. म्हणजे सुरुवातीला थोडा जास्त वेग घेतला तरी त्याची किंमत फार मोजावी लागते, आणि ती शेवटी वसूल होते. चक्रवाढ व्याजच म्हणा ना.

म्हणून यंदा आम्ही सोळा किलोमीटरचे चार भाग केलेत. पहिल्या चार किलोमीटरला एक छोटं वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. 'आपण मागे पडतोय' असं वाटतं तिथे, वाटू दे. मधल्या आठमध्ये दोन-तीन शब्द फुटतील एवढाच दम ठेवायचा. शेवटच्या चारमध्ये बोलायचं नाही, असेल नसेल ते ओतायचं. आपल्या साध्या सायकलीला गिअर नाही, मीटर नाही, म्हणून पाय मोजायचे. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा खाली गेला? तिचे पस्तीसच्या आसपास भरतात. पहिल्या भागात चाळीस झाले की समजायचं, गडबड आहे. वारा समोरून असेल तर मात्र जोर थोडा वाढवायचा, कारण तिथे वेळ जास्त जातो. पाठीमागून वारा असेल किंवा उतार असेल तिथे पायांना जरा सुटका द्यायची. आम्ही उलटंच करत होतो.

सरावाला सहा आठवडे धरले. आठवड्यात तीनच दिवस, कारण शाळा आहे आणि घरचं पाणीही तिलाच भरायचं असतं. एक दिवस लांबची, निवांत फेरी. एक दिवस तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं पाच वेळा. एक दिवस शर्यतीच्याच रस्त्यावर, खड्डे आणि वळणं पाठ व्हायला. शेवटचे चार-पाच दिवस कमी. तेव्हा आयांना वाटतं पोर आळशी झाली. नाही हो, पाय ताजे होताहेत.

सीट बघा. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेला की पाय सरळ व्हायला हवा. निम्म्या मुलींच्या सीट फार खाली असतात, गुडघे त्यानंच दुखतात. चेनला तेल, टायरमध्ये पुरेशी हवा. शर्यतीच्या दिवशी दोन-तीन तास आधी रोजचीच भाकरी किंवा पोहे खायचे. नवं काही नको. सुटण्याआधी पंधरा मिनिटं हळू चालवून अंग गरम करायचं. पाळी आली असेल तरी शर्यत चालवता येते, पण शिवण मऊ असलेले कपडे हवेत.

आणि रक्त तपासून घ्या, हे मी दहादा सांगेन. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासलं तेव्हा आमच्या पोरीचं कमी निघालं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती दप्तरातच ठेवत होती! आता डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्या सुरू आहेत. गोळीच्या आगेमागे चहा नाही.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये बेरिल बर्टन नावाची बाई होऊन गेली. लहानपणी मोठ्या आजारातून उठलेली, पुढे शेतावर राबणारी, एका लेकीची आई. १९६७ साली बारा तासांच्या टाइम ट्रायलमध्ये ती सुमारे ४४६ किलोमीटर गेली. त्या दिवशी पुरुषांत पहिला आलेला गडीही तिच्याहून कमी गेला. त्याला मागे टाकताना तिनं खिशातली गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली म्हणे, आणि त्यानं ती खाल्लीही. ही गोष्ट मी ताईंच्या घरी सांगितली तेव्हा पोरीचे वडील पहिल्यांदाच हसले. परवा त्यांनीच सीट वर करून दिली.

उद्या सकाळी सहाला आम्ही फाट्यावर जमतोय. कुणाकडे पायपंप असेल तर घेऊन या, आमचा बिघडलाय.